रक्तातले एक अक्षर

मागच्या हिवाळ्यात आम्ही अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. धान मळून झाले होते, अंगणात तणसाचे ढीग पडले होते. घर आपल्याच समाजाचे. बाप राईस मिलवर हमाली करतो, आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते आणि एरवी बिड्या वळते. मुलगी बारावी पास, पुढे नर्सिंग शिकणारी. तिची सोयरीक जवळजवळ ठरली होती. तेवढ्यात कोणीतरी पाहुण्यांच्या कानात सांगितले की, "पोरगी सिकलची आहे." पाहुणे पुन्हा आले नाहीत.

आईने पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्डाच्या घडीत जपून ठेवलेला एक कागद आमच्यापुढे धरला. शाळेत शिबिर झाले तेव्हाचा तो रक्ताचा अहवाल होता. त्यावर दोन अक्षरे होती, 'एएस'.

"या दोन अक्षरांनी माह्या पोरीचं वाटोळं केलं," ती माऊली म्हणाली.

आम्ही विचारले, "मुलाचा कागद पाहिला होता का?"

ती आमच्याकडे पाहतच राहिली. "पोराचा कागद कायले?"

वाचकहो, या 'कायले'चे उत्तर त्या बाईला दोन वाक्यांत देता आले नाही. म्हणून आज हे पान भरून लिहीत आहोत.

विळ्याच्या आकाराची पेशी

सिकल म्हणजे विळा. धान कापणाऱ्या माणसाला तो काय असतो हे सांगायला नको. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी मधे दाबलेल्या बत्ताशासारख्या गोल आणि मऊ असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग मुडपून निघून जातात. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. तो फुप्फुसातून प्राणवायू घेतो आणि अंगभर पोचवतो.

सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. ('जात' हा शब्द इथे नाइलाजाने आला; पुढे खऱ्या जातीबद्दलही लिहायचे आहे.) प्राणवायू देऊन टाकला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात, आणि त्या दोऱ्यांनी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. अशी ताठ पेशी बारीक नळीत अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि मग सांधे, पाठ, छाती यांत असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात, लहान मुलांची पानथरी सुजते.

रोवणीच्या दिवसांत पाण्यात उभे राहिल्यावर किंवा पौषाच्या थंडीत ज्याचे अंग ठणकते, त्याला गावात 'वाताचा आजारी' म्हणतात. कामचुकारही म्हणतात. ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटते. त्या पोराच्या हाडांना रक्त पोचत नाही हो!

हा आजार कळला कसा?

१९१० साली अमेरिकेत शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याची नोंद छापली. रुग्ण होता वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक काळा विद्यार्थी. पुढे बरीच वर्षे हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच समजला जात होता. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला, सोलंकी आदी डॉक्टरांनी आपल्या मध्य भारतातला सिकलसेल जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. तेव्हा गोंदिया हा जिल्हाही नव्हता. तो १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आजार मात्र पिढ्यान् पिढ्या इथेच होता, फक्त त्याला नाव नव्हते.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले! आणि रुग्णाच्या आईबापांसारख्या, म्हणजे स्वतः धडधाकट असलेल्या वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र मिळाले. पॉलिंग यांनी याला 'रेणूचा आजार' म्हटले. आजाराचे मूळ शरीरातल्या एकाच रेणूच्या बदलात आहे, हे जगाला पहिल्यांदा कळले ते सिकलसेलमुळे. रेणुजीवशास्त्राची पहिली पाठ्यपुस्तके लिहिली गेली तेव्हा त्यांत जे उदाहरण छापले गेले, ते आपल्या देवरी-सालेकशाच्या पोरांच्या अंगात वाहते आहे.

आणि त्या पेटीतल्या कागदावरची 'एएस' ही अक्षरे? 'ए' म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन, 'एस' म्हणजे सिकलचे. विजेवर सरकवण्याची ती तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस, आजही होते. एकच 'ए'ची पट्टी दिसली तर 'एए', म्हणजे निरोगी. दोन पट्ट्या दिसल्या तर 'एएस', म्हणजे वाहक. मुख्यतः 'एस'चीच पट्टी दिसली तर 'एसएस', म्हणजे ग्रस्त. गावच्या शिबिरात आधी जी सोल्युबिलिटी तपासणी होते, तीत थेंबभर रक्ताने औषधाचे पाणी गढूळ होते की नाही एवढेच पाहतात. वाहकाच्या रक्तानेही गढूळ होते आणि ग्रस्ताच्याही. तेवढ्यावर "पोरगी आजारी आहे" असा डांगोरा पिटणाऱ्यांनी हे नीट वाचावे. पुढची तपासणी झाल्याशिवाय काहीच ठरत नाही.

तीन-तीन अक्षरांची वही

आता मुळाशी जाऊ. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक वही असते असे समजा. तिचे नाव डीएनए. वहीचे २३ भाग, आणि प्रत्येक भागाच्या दोन प्रती. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या भागांना गुणसूत्रे म्हणतात. वही लिहायला अक्षरे फक्त चार : ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेल्या प्रतीत अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, बापाकडच्या प्रतीतही तेवढीच. वहीतला एखादा पदार्थ कसा बनवायचा हे सांगणारा जो मजकूर असतो, तो म्हणजे जनुक.

डीएनएचा पिळदार दुहेरी गोफ कसा असतो हे १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडले. रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरणांच्या छायाचित्राचा त्यांना फार उपयोग झाला. नोबेल मिळाले तेव्हा ती हयात नव्हती आणि तिचे नाव बराच काळ मागेच राहिले. बायांच्या कामाचे असे होते, हे आपल्याला नवे नाही.

पेशी ही वही मूळ जागेवरून हलवत नाही. लागेल तेवढ्या मजकुराची नक्कल काढते आणि ती नक्कल पेशीतल्या कारखान्यात पाठवते. तिथे ती तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. दर तीन अक्षरांना एक मणी. मण्यामागे मणी ओवून माळ तयार होते, त्या माळेला प्रथिन म्हणतात. कोणत्या तीन अक्षरांना कोणता मणी, हे कोडे उलगडण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. पंजाबातल्या शंभरेक वस्तीच्या खेड्यातल्या पटवाऱ्याचा हा मुलगा. गावात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ तेवढे एकच घर. त्यांना १९६८ साली दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळाले.

हिमोग्लोबिनच्या एका माळेत १४६ मणी असतात. तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. सहाव्या मण्यासाठी तिथे जी-ए-जी ही अक्षरे हवीत. सिकलच्या जनुकात तिथे जी-टी-जी आहे. बस्स. एका 'ए'च्या जागी 'टी'! त्यामुळे ग्लुटामिक आम्ल या मण्याच्या जागी व्हॅलिन हा मणी ओवला जातो. हा मण्याचा फरक १९५७ सालापर्यंत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजला शोधून काढला. पहिल्या मण्यावर ऋण विद्युतभार असतो, दुसऱ्यावर नसतो. म्हणूनच विजेवर त्यांची चाल वेगळी पडते. आणि व्हॅलिन हा चिकटणारा मणी असल्याने पुढचे सारे रामायण घडते.

एका अक्षराने एवढे होते का, असे वाटेल. 'वरणात मीठ घाल' या वाक्यात 'मी'च्या जागी 'पी' लिहून पाहा. स्वयंपाक करणारीचा दोष काहीच नाही, तिने लिहिले तसेच केले.

डीएनएतले हे अक्षर थेट वाचायचे कसे, याचीही युक्ती निघाली. काही जिवाणूंकडे एक प्रकारची कात्री असते. ती ठराविक अक्षरे ठराविक क्रमाने दिसली तरच डीएनए कापते. नेहमीच्या जनुकात तो क्रम आहे, तिथे कात्री चालते. सिकलच्या जनुकात अक्षर बदलल्याने ती चालत नाही आणि तुकडा लांबच राहतो. तुकडे एका लुसलुशीत थरातून विजेने सरकवले की छोटे पुढे पळतात, लांब मागे राहतात. पण एवढ्याशा रक्तात डीएनए तरी किती? म्हणून हव्या तेवढ्याच मजकुराच्या लाखो नकला करण्याची पीसीआर ही पद्धत आली. करोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला. १९८५ साली या पद्धतीचा जो पहिला लेख प्रसिद्ध झाला तो कशावर होता? याच सिकलसेलच्या निदानावर.

दोन प्रती, चार शक्यता

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येऊ.

प्रत्येक मुलाला आई आपल्या दोन प्रतींपैकी एक देते, बाप आपल्या दोनपैकी एक देतो. कोणती द्यायची हे त्यांच्या हातात नसते; नाणे उडवल्यासारखे ते असते. मुलगी 'एएस' आणि मुलगा 'एए' असेल तर मुलाकडून 'ए'च येणार. मग त्यांच्या अपत्यांपैकी कोणी 'एए' असेल, कोणी 'एएस' असेल. ग्रस्त कोणीही होणार नाही. एकही नाही! दोघेही 'एएस' असतील तरच प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता ग्रस्ताची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. पहिली तीन मुले चांगली निघाली म्हणून चौथे आजारी निघेलच असे नाही, आणि पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असेही नाही. नाणे दर वेळी नव्याने उडते.

म्हणजे जे पाहुणे उठून गेले, त्यांनी अर्धाच प्रश्न विचारला. त्यांच्या मुलाचे रक्त 'एए' असते तर ही मुलगी त्यांच्या घरात बेलाशक नांदली असती. आणि तो स्वतःच 'एएस' असेल, पण कधी तपासलेलाच नसेल, तर? 'निरोगी' म्हणून जी दुसरी मुलगी ते करतील, तीही न तपासलेलीच असेल. आमच्या पाहण्यात असे घर आहे. तिथे आजारी मूल जन्मले आणि सासू सुनेला म्हणाली, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं." नव्हते ना, कारण वाहकाला सहसा काहीच होत नाही. तो शेतात राबतो, ओझी उचलतो, म्हातारा होतो. ते अक्षर चार पिढ्या मुकाट्याने चालत येते, आणि दुसऱ्या घराण्यातल्या तशाच अक्षराची गाठ पडली की बोलू लागते. ग्रस्त मुलाला एक प्रत आईची असते आणि एक बापाची. सुनेला दोष देणाऱ्याने आधी आपल्या मुलाचे बोट टोचून घ्यावे.

अक्षर टिकले का?

ते घातक आहे तर इतक्या पिढ्यांत नाहीसे का झाले नाही? याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की, वाहकांना फाल्सिपॅरम जातीच्या जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. आपला जिल्हा तळ्याबोड्यांचा, जंगलाचा, डासांचा. ज्या काळी कुनैनही नव्हते त्या काळी तापाच्या साथीत वाहक मुले अधिक जगली असणार. ते अक्षर कोणाच्या पापाचे नाही, ते आपल्या आज्या-पणज्यांचे चिलखत होते.

म्हणून ते कोणा एका जातीचेही नाही. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींत वाहकांचे प्रमाण कुठे शून्य, तर कुठे ३५ टक्क्यांपर्यंत मिळाले आहे. गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात ते अधिक आहे. विदर्भातल्या बौद्ध समाजात ते मोठ्या प्रमाणावर आहे. कुणबी, तेली यांच्यातही सापडते. जनुकाच्या आसपासची अक्षरे पाहिली तर भारत आणि अरबस्तानातल्या रुग्णांत ती सारखी आहेत आणि आफ्रिकेतल्यांपेक्षा वेगळी आहेत. हा 'दलितांचा रोग' म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षितही आम्हाला भेटले आहेत. सौदी अरेबियाच्या शेखांच्या देशातही हाच आजार आहे, हे त्यांना सांगितले की गप्प बसतात.

जातीचा संबंध आहे, पण तो दुसरीकडून. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते. हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली डीएनए वाचून सांगितले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले होते, आणि नंतर ते मिसळणे थांबले. भिंती उभ्या राहिल्या. भिंतीच्या आत जे अक्षर आहे ते आतल्या आतच फिरते. त्यातही आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची हौस! एकाच आजोबाचे अक्षर दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता आहे.

घरात रुग्ण असेल तर

जन्मतः याची लक्षणे दिसत नाहीत. बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन असते, ते विळा होऊ देत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास ते कमी होते आणि मग हातापायांची बोटे सुजतात, ताप येतो. "नामकरणाला किती गुटगुटीत होतं, कोणाची नजर लागली," असे म्हणतात ते यामुळे. म्हणून आईबाप दोघे वाहक असतील तर बाळाची तपासणी लवकर करावी.

रुग्णाला भरपूर पाणी पाजा, थंडीत उबदार ठेवा, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका. ताप आला, श्वास लागला, एकाएकी फिकटपणा आला किंवा पोटात डावीकडे पानथरी वाढली तर वाट पाहू नका. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भातले ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि कळांचे झटके कमी होतात. ते मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने देशव्यापी सिकलसेल मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणीची शिबिरे वाढली आहेत. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या आजारासाठी आयुष्य घालवलेले नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली; तशी धडपड करणारे आणखी कितीतरी हवेत.

दोघे वाहक असून लग्न झालेले असेल तर घाबरू नका. दिवस गेल्यावर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेच्या बारीकशा नमुन्यावरून गर्भाचे ते अक्षर वाचता येते. मुंबईची राष्ट्रीय रुधिरविज्ञान संस्था अशा निदानाचे काम करते. निर्णय त्या दोघांचा.

आणि वहीतले अक्षरच दुरुस्त करता येईल का? २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून क्रिस्पर नावाच्या कात्रीने एक कळ दाबतात, म्हणजे गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. सिकलचे अक्षर तसेच राहते, त्याचा जोर जातो. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर! ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी ती कुठून आणायची? दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था आपल्याकडे परवडेल अशा उपचारासाठी झटते आहे. आमचे लक्ष तिकडे लागले आहे.

त्या माऊलीला आम्ही यातले जमेल तेवढे सांगितले. तिने मधेच थांबवून विचारले, "म्हणजे भाऊ, पत्रिका तर आपण छप्पन साली सोडली. आता हा कागद जुळवायचा म्हणता?" आम्ही म्हटले, पत्रिकेतला मंगळ कोणी पाहिला नाही, पण ही पट्टी डोळ्यांनी दिसते. आणि पत्रिका फक्त पोरीचीच नडायची. हा कागद दोघांचा लागतो. ती हसली.

उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला. तिरोड्याकडून दुसरे पाहुणे आले होते. चहाचे कप ठेवल्यावर मुलीने स्वतःच आपला कागद काढून समोर ठेवला आणि मुलाला विचारले, "तुमचा?" घरात थोडी कुजबूज झाली, एक काका चिडलेही. मुलगा मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त देऊन आला. अहवाल अजून यायचा आहे.